पाटाखालचं नाव

माझी ताई कॉम्प्युटरला हात लावत नाही. माउस धर म्हटलं तर आधी पदराला हात पुसते, मग म्हणते, नको, तूच कर. तरीही डिस्कची वाटणी कशी करायची हे मला तिनं शिकवलं. मी म्हणजे कोण, तर गेली बारा वर्षं लोकांच्या जुन्या मशिनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम घालून देणारा आणि त्या जोरावर रोह्यात बऱ्यापैकी भाव खाणारा माणूस. हे कबूल करायला मला जड गेलं. आता लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा नाकबूल करता येणार नाही.

ताईचा पेणजवळ गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. लांब पत्र्याची शेड, दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी फळ्या, मध्ये वाट. दाजी, म्हणजे तिचे यजमान, मूर्ती घडवायचे आणि साचे काढायचे. ताई डोळ्यांची आखणी करते. बाकीचं रंगकाम कामगार करतात, पण डोळे तिनंच आखायचे असा तिथला रिवाज आहे. बारीक ब्रश घेऊन बसली की ती श्वाससुद्धा बेतानं सोडते. मी लहानपणापासून तिला भिऊन आहे, पण आखणी करताना बघितली की भीती जाते आणि नुसतं बघत राहावंसं वाटतं. दाजींना जाऊन आता चार वर्षं झाली.

शेडच्या कोपऱ्यात, धूळ लागू नये म्हणून जुन्या साडीखाली झाकलेला एक कॉम्प्युटर आहे. त्यात दाजींनी काढलेले फोटो आहेत. नवी मूर्ती मातीत घडवून झाली की साचा काढण्याआधी ते समोरून, बाजूनं आणि मागून तिचे फोटो घ्यायचे. उंची कळावी म्हणून डाव्या हातानं मूर्तीला टेप लावायचे आणि उजव्या हातात कॅमेरा. त्यामुळं पंधरा-सोळा वर्षांच्या त्या प्रत्येक फोटोत मूर्तीच्या शेजारी एक डावा हात आहे. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, मनगटापर्यंत शाडू माती, आणि घड्याळ कधीच नाही.

दाजी स्वतः कॅमेऱ्यापुढं उभे राहायचे नाहीत. लग्नाचा अल्बम आणि आधार कार्ड सोडलं तर त्यांचा धड फोटो घरात नाही. साचे चार-पाच वर्षांत झिजतात, फाटतात आणि टाकून द्यावे लागतात. मागं राहिले ते हे फोटो. दरवर्षी हंगामातल्या पहिल्या मूर्तीचे डोळे आखण्याआधी ताई कुणालातरी त्यातला एक फोटो उघडायला लावते. जरा वेळ बघते, मग ब्रश उचलते. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून पुढं मी जे करायला निघालो होतो त्याची लाज जास्त वाटते.

दाजी गेल्यानंतरच्या वर्षी ताईचा फोन आला की कॉम्प्युटर उघडायला अर्धा तास लागतो आणि फोटो मध्येच अडकतात. मला आनंदच झाला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी बाईकवर टांग टाकून निघालो. नागोठण्याचा पूल ओलांडला, गडबला चहा घेतला आणि दहाच्या आत कारखान्यात हजर. कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आत इतकी पांढरी भुकटी होती की एक वीतभर गणपती सहज ओतून झाला असता. ताईनं आखणीचा एक म्हातारा ब्रश दिला. त्यानं सगळं झटकून घेतलं. फोटो माझ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवले, लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला आणि मशिन सुरू केलं.

इन्स्टॉल करताना डिस्कचं काय करायचं हा प्रश्न येतो. तिथं पहिलाच पर्याय असतो, सगळी डिस्क पुसा आणि आम्ही करतो ते गोड मानून घ्या. मी तो निवडणार इतक्यात मागून ताई म्हणाली, "थांब. कुठं काय बसणार हाय?"

मी म्हटलं, "सगळी डिस्क म्हणजे एकच मोठी खोली. सिस्टिम तिथंच, फोटो तिथंच."

"म्हंजे कामगारांच्या चपला नि देव एकाच फळीवर?"

मी हसलो. मग सांगितलं की वेगळे भाग पाडता येतात. एका भागात सिस्टिम, दुसऱ्यात आपल्या वस्तू. सिस्टिम बिघडली तर तेवढाच भाग पुसून नवी घालायची, बाकीच्याला धक्का नाही.

"मग तसं करत का नाय?"

"वेळ लागतो गं ताई. आणि नंतर एखादा भाग भरला आणि दुसरा रिकामा राहिला तर पंचाईत होते. आधी नीट विचार करावा लागतो."

"माझ्याकडं येळ हाय," ती म्हणाली आणि खडू घेऊन आली. "आखून दाखव."

इथं ताईच्या आखणीबद्दल सांगायला हवं, डोळ्यांच्या नव्हे, शेडच्या. हंगामाची पहिली मूर्ती ओतायच्या आधी ती सगळी शेड झाडून घेते आणि कोब्यावर खडूनं जागा आखते. इथं दोन फुटी, इथं दीड फुटी, मोठ्या कुठं, वाळायला कुठं, रंगायला कुठं. तिचा एक नियम आहे. डोळे आखलेली मूर्ती जागची हलवायची नाही, थेट घरी न्यायलाच हलवायची. त्यामुळं कुठली मूर्ती कधी जाणार याचा हिशोब तिला आधीच करावा लागतो. लांबच्या गावांना आधी जाणाऱ्या दाराजवळ आणि जवळपासच्या आत. मधली वाट इतकी की चार फुटी मूर्ती धरलेली दोन माणसं कोपऱ्यात वळली तरी कुणाचा कान किंवा मुकुट दुखावू नये. आणि दाराशेजारची एक फळी रिकामी. कितीही गर्दी झाली तरी त्या फळीवर काही ठेवायचं नाही. कुणाची मूर्ती रस्त्यात दुखावते, कुणाला आदल्या दिवशी आठवतं की गणपती सांगायचाच राहिला, त्यांच्यासाठी ती फळी. मी ऑपरेटर आहे त्या आमच्या रोह्याच्या केमिकल कंपनीत असल्या कामाला इंजिनिअर असतो, त्याच्याकडं मोठा कागद असतो, तरी एक टाकी दरवर्षी चुकीच्या जागी निघते. ताईचं मी कधी चुकलेलं बघितलं नाही.

तर कोब्यावर मी एक लांब चौकोन काढला. ही डिस्क. डावीकडं सिस्टिम लिहिलं, मधे फोटो. ताईनं पायाच्या अंगठ्यानं दोन्ही पुसलं.

"जे हलवायचं नाय ते आधी बसवायचं. फोटो पयला."

कॉम्प्युटरला याचं सोयरसुतक नसतं, असं मी म्हणणार होतो. पण तिनं खडू माझ्याकडून काढून घेतला होता. फोटो पहिला, सिस्टिम दुसरी. मग मी स्वॅप समजावला, मेमरी कमी पडली की मशिन थोडा माल घटकाभर तिथं टेकवतं. "अर्धवट मूर्ती टेकवायचा पाट," ती म्हणाली आणि लहानसा चौकोन काढला. मी चाट पडलो. हे समजावताना मी कॉलेजातल्या मुलांपुढं दहा मिनिटं बोलतो. शेवटचा तुकडा तिनं रिकामा ठेवला. कशाला म्हणून मी विचारलंही नाही, दाराशेजारची फळी मला ठाऊक होती.

मापं ठरवताना मात्र मी माझं शहाणपण चालवलं. फोटोंना दोनशे जीबी, सिस्टिमलाही दोनशे. ताईला ते पटलं नाही.

"त्यांच्या फोटोत आता भर नाय पडायची. हायत तेवढेच ऱ्हाणार. एवढी जागा कशाला?"

"असू दे. जागा आहे."

"आणि दोन्ही सारखे? बाबू, सारखे पाटच घोटाळा करतात."

ही घोटाळ्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडं गणपती सांगायचा म्हणजे आपल्या घरचा पाट कारखान्यात आणून द्यायचा. पाट आला की जागा धरली. पाटाच्या खालच्या बाजूला खडूनं नाव आणि गाव लिहितात, कारण वरची बाजू मूर्तीखाली झाकली जाते. एका वर्षी दोन घरांचे पाट अगदी सारखे आले, एकाच सुतारानं केलेले असावेत. दाजी म्हणाले, मला ठाऊक आहे कुठला कुणाचा, आणि पाट न उलटता मूर्ती बसवल्या. ज्यांनी साध्या डाव्या सोंडेचा सांगितला होता त्यांच्या घरी उजव्या सोंडेचा गेला. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक सोवळं, सगळ्यांना ते झेपत नाही. चतुर्थीच्या सकाळी त्या घरच्या आजीनं आरोळी ठोकली. नशीब इतकंच की दुसऱ्या घरचे भटजी उशिरा निघाले आणि मूर्तीची प्रतिष्ठा व्हायची होती. दाजी टेम्पो घेऊन दोन गावांत धावले आणि घामाघूम होऊन परत आले. तेव्हापासून कारखान्यात नियम झाला. कितीही ठाऊक असो, पाट उचलायचा, खालचं नाव वाचायचं, मोठ्यानं म्हणायचं आणि मगच मूर्तीला हात लावायचा.

"डिस्कला नाव देता येतं?" ताईनं विचारलं.

येतं. बहुतेक लोक देत नाहीत, मीही देत नसे. तिच्या समाधानासाठी दिलं. दुसऱ्या भागाला इंग्रजी अक्षरांत सिस्टिम लिहिलं. पहिल्याला काय लिहू विचारलं तर ती म्हणाली, "हात." मी लिहिलं. फोटो परत जागेवर आणले, एक उघडून दाखवला आणि रोह्याला निघून आलो.

सिस्टिम दोन वर्षं छान चालली. मी रोह्यात चारचौघांना सांगायचो की पेणला एका कारखान्यात काय पद्धतशीर पार्टिशन करून दिलंय. कुणी करून घेतलं हे सांगायचो नाही.

मग आषाढात एके दिवशी अपडेट चालू असताना लाइट गेली. आली तेव्हा मशिन काळ्या पडद्यावर दोन ओळी लिहून गप्प बसलं. ताईचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, पण ती म्हणाली, "उद्या पयले डोळे आखायचे होते. जमलं तर ये." जमलं तर ये, असं ताई मला कधी म्हणत नाही. ये, एवढंच म्हणते.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट संपवून मी तसाच निघालो. शेड मूर्तींनी भरली होती. कपडे रंगवलेले, मुकुट सोनेरी झालेले, आणि एकीलाही डोळे नाहीत. कामगार बाया हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, "सकालपासून ब्रश भिजवून बसलीय गो." ताई खरंच ब्रश घेऊन बसली होती. मी सिस्टिम दुरुस्त करायला घेतली, होईना. म्हटलं, काही हरकत नाही, आपण भाग वेगळे पाडलेत. सिस्टिमचा तेवढा पुसतो आणि नवी घालतो.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. फोटो पहिल्यांदा ज्या बाहेरच्या डिस्कवर उतरवले होते ती मी नंतर मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओसाठी रिकामी करून टाकली होती. नवी घेऊ, पुन्हा कॉपी करू, पुढच्या खेपेला करू, असं करत दोन वर्षं गेली. म्हणजे दाजींचे फोटो जगात त्या एकाच डिस्कवर होते. मला ते माहीत होतं, ताईला नव्हतं.

पडद्यावर भागांची यादी आली. मॉनिटर जुना आणि लहान, यादीचा उजवीकडचा नावांचा रकाना पडद्याबाहेर गेलेला. दिसत होते ते दोन दोनशे-दोनशेचे भाग, एकाखाली एक. सिस्टिम पहिली, फोटो दुसरे. कोब्यावर मी सुरुवातीला काढलेला चौकोन मला लख्ख आठवत होता. ताईनं अंगठ्यानं तो पुसला होता हे मात्र आठवत नव्हतं. मी पहिल्या भागासमोर पुसण्याची खूण केली आणि माउस पुढच्या बटणावर नेला.

"नाव वाचलंस?" ताई मागून म्हणाली.

"ताई, मला ठाऊक आहे. पहिला सिस्टिमचा."

"त्यांना पन ठाऊक व्हतं."

मला राग आला. खरंच आला. दहा तास जागा, पावसात भिजून आलोय, आणि हिला माझ्या कामात पाट दिसताहेत. तिला एकदा दाखवून टाकू, म्हणून मी यादी खसकन उजवीकडं ओढली. पहिल्या भागाचं नाव होतं हात.

मी ते दोनदा वाचलं. मग बटणावरून माउस काढला, खूण काढली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. कंपनीत मी नव्या पोरांना व्हॉल्व्हपाशी नेऊन सांगतो की बाबांनो, कितीही वर्षं काम केलं तरी हात लावण्याआधी टॅग वाचायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बोट एकदा दाबलं असतं तर पंधरा-सोळा वर्षांचा तो हात गेला असता, आणि माझ्याच हातानं.

मी ताईला सगळं सांगितलं. दुसरी कॉपी नाही, हेही. ती ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चहा घे. मग पुसायचं ते पूस."

चहा घेतला. मग दुसऱ्या भागावर खूण केली, त्याचं नाव वाचलं, तिनं सांगितलं म्हणून मोठ्यानंही वाचलं. तासाभरात नवी सिस्टिम उभी राहिली. फोटोंचा भाग उघडला, सगळं जिथल्या तिथं. तिनं एक फोटो निवडला, दीड फुटी बैठी मूर्ती आणि शेजारी टेप धरलेला तो हात. बराच वेळ बघत राहिली. मग उठली, पहिल्या मूर्तीसमोर बसली आणि उजवा डोळा आखायला घेतला. बाया पुन्हा मोठ्यानं बोलायला लागल्या. मी कोपऱ्यातून बघत होतो. या बाईला एवढं पुढचं कसं दिसतं, हे मला पन्नाशी ओलांडल्यावरही कळलेलं नाही. तिच्या हाताखाली मी चार महिने जरी काढले असते तरी अधिक चांगला ऑपरेटर झालो असतो, असं मला मनापासून वाटतं.

त्याच आठवड्यात मी दोन डिस्क घेतल्या. फोटोंची एक प्रत पेणला ताईच्या कपाटात आहे, एक रोह्याला माझ्याकडं. दोन्हींवर खालच्या बाजूला चिठ्ठी चिकटवली आहे.

गेल्या दिवाळीनंतर ताईचा पुन्हा फोन आला. म्हणाली, "ये." मी गेलो तर शेडच्या मधोमध स्टुलावर ओल्या शाडूची एक मूर्ती होती. फूटभर उंचीची, डाव्या सोंडेची, मांडी जराशी सैल, खेळून दमलेलं पोर बसावं तशी. दाजी गेल्यापासून कारखान्यात जुनीच मॉडेलं चालली होती. ही नवी होती. ताईनं केली होती, आयुष्यात पहिल्यांदा.

"फोटो काढ," ती म्हणाली. "साचा काढायच्या आधी."

मी मोबाइल काढला. तिनं हात पुसले नाहीत. माती लागलेल्या डाव्या हातात टेप घेतला, टोक मूर्तीच्या पायाशी टेकवलं आणि मुकुटापर्यंत धरला. समोरून, बाजूनं, मागून. चेहरा फोटोत येणार नाही इतकी ती बाजूला सरकून उभी होती, सांगावं लागलं नाही.

मी कॉम्प्युटरवरची साडी काढली आणि मशिन सुरू केलं. "नव्या कामांचं वेगळं फोल्डर करू का?"

"त्यांच्या शेजारी टाक."

"भर पडायची नाही म्हणाली होतीस."

"तवा म्हनाली व्हती," ती म्हणाली. "जागा हाय ना?"

जागा होती. त्या सगळ्या वाटणीत माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक बरोबर निघालं होतं. मी यादी उघडली, नाव मोठ्यानं वाचलं, "हात," आणि तिनं मान हलवल्यावर फोटो आत टाकले.